दोन व्हिजिटिंग कार्डांवरचा भरवसा

बाइक घेताना आपण काय काय बघतो? सीसी बघतो, बीएचपी बघतो, स्क्रीनला ब्लूटूथ जोडतं का ते बघतो आणि शेवटी कॅल्क्युलेटर काढून ईएमआय बघतो. टायर? शोरूममध्ये त्याला फार तर एक हलकीशी लाथ मारून बघतो. का मारतो, हे मारणाऱ्यालाही माहीत नसतं. आपल्याकडे टायरची परीक्षा तेवढ्यावरच संपते!

आता फंडा ऐका. बाइक वळणावर झुकलेली असते तेव्हा एकेक टायर जमिनीला जेमतेम एका व्हिजिटिंग कार्डाएवढ्या जागेत टेकलेला असतो. दोन चाकं, दोन कार्डं. तुमचं इंजिन, एबीएस, इटालियन जॅकेट आणि तुमची स्वतःची कातडी, या सगळ्यांचा भार त्या दोन कार्डांवर. ऑफिसला जाताना हे विसरलं तरी चालतं. ट्रॅकवर नाही चालत.

ट्रॅक डेचं खूळ आता आपल्या मंडळींमध्ये मस्त रुजलंय. हिंजवडीपासून पवईपर्यंत प्रत्येक ऑफिसात एक तरी प्राणी सापडतो, जो सोमवारी लंगडत येतो आणि लंच टेबलवर ‘सी वन’, ‘सी टू’ असं काहीबाही बोलतो. ही मद्रास इंटरनॅशनल सर्किटच्या वळणांची नावं. श्रीपेरुंबुदुरजवळ इरुंगट्टुकोट्टईला आहे हे सर्किट, जुनं नाव मद्रास मोटर रेस ट्रॅक. पावणेचार किलोमीटरच्या आतली एक लॅप, १२ वळणं. कोइमतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, ग्रेटर नोएडाला २०११ मध्ये सुरू झालेलं सव्वापाच किलोमीटरच्या आतबाहेरचं बुद्ध सर्किट आहे. ट्रॅक डे म्हणजे रेस नव्हे, हे घरी आईला आधी समजावून सांगा. नंबर नाही, बक्षीस नाही. पंधरा-वीस मिनिटांची सेशन्स असतात, अनुभवानुसार ग्रुप पाडलेले असतात, समोरून ट्रक येत नाही आणि कुत्रं आडवं जात नाही.

मग जाण्याआधी सगळ्यांचा एकच प्रश्न: टायर कुठला टाकू?

माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही. ट्रॅकसाठी सगळ्यात भारी टायर शोधू नका. तुमच्या आजच्या वेगाला आणि तुमच्या परतीच्या रस्त्याला साजेल असा टायर शोधा, आणि उरलेलं लक्ष त्यातल्या हवेवर ठेवा.

चिकट म्हणजे चांगला?

टायर पकड कशी घेतो? डांबरी रस्ता वरून सपाट दिसतो, पण जवळून बघितला तर खडीची टोकंच टोकं. रबर त्या टोकांभोवती दबतं, त्यांच्या फटीत शिरतं आणि धरून ठेवतं. त्यासाठी ते मऊ हवं आणि मऊ राहायला गरम हवं. अगदी लोण्यासारखं. फ्रीजमधून काढलेलं लोणी पावाला लागतच नाही, पावच फाटतो. ओट्यावर थोडा वेळ ठेवलेलं छान पसरतं. तापल्या तव्यावर टाकलं तर वाहून जातं.

प्रत्येक टायरचं असं एक ‘ओट्यावरचं’ तापमान असतं. रोजच्या वापराचा किंवा स्पोर्ट टूरिंगचा टायर लवकर तापतो, गारठ्यात आणि ओल्या रस्त्यावरही बऱ्यापैकी पकडतो, पण ट्रॅकवर फार पिदडला तर लोणी वाहायला लागतं. रस्त्यासाठीचा स्पोर्ट टायर मधला. बऱ्याच मॉडेल्समध्ये मधोमध कडक रबर आणि कडांना मऊ रबर अशी दुहेरी सोय असते, म्हणजे हायवेवर टिकावा आणि वळणावर चिकटावा. आणि शेवटी रेसचा टायर. तो खूप चिकटतो हे खरं, पण खूप तापल्यावर. रेसवाले त्याला आधी इलेक्ट्रिक ब्लँकेटसारखे वॉर्मर गुंडाळून ८० अंशांच्या आसपास नेतात, मग ट्रॅकवर सोडतात, आणि मग ते ज्या जोरात ब्रेक मारतात त्याने ती ऊब टिकते.

तुमचा हा पहिला-दुसरा ट्रॅक डे असेल, तर तो जोर तुमच्याकडे नाहीये. वॉर्मरही नाहीत. म्हणजे तुम्ही पूर्ण सेशनभर फ्रीजमधल्या लोण्यावर बसून गाडी चालवणार! महागडा रेस टायर तेव्हा साध्या स्पोर्ट टायरपेक्षा कमी पकडेल. माझ्या ओळखीतला हिंजवडीचा एक आयटीवाला याच हट्टापायी बोनसचा चांगला तुकडा घालून बसला आणि पहिल्याच सेशनला मार्शलच्या गाडीतून परत आला. कॉलरबोन शाबूत होतं, एवढंच काय ते नशीब.

तेव्हा सुरुवातीला नामांकित कंपनीचा, रस्त्यासाठी बनवलेला, ताजा स्पोर्ट रेडियल. बस. तुम्ही त्याची पकड संपवायला लागाल, तेव्हा पुढच्या पायरीचा विचार करा. त्याला बराच वेळ आहे, टेन्शन नॉट.

टायरची जन्मपत्रिका

लग्नाला पत्रिका बघता की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. टायरची मात्र बघाच. ती त्याच्या कुशीवर छापलेली असते.

समजा लिहिलंय ११०/७० आर १७, ५४ एच. रुंदी ११० मिलिमीटर. उंची त्या रुंदीच्या ७० टक्के. आर म्हणजे रेडियल, रिम १७ इंची. आरच्या जागी नुसती आडवी रेघ असेल तर सहसा तो बायस प्लाय, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बांधणीचा. ५४ हा भाराचा आकडा, २१२ किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत चालेल. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकला पुढे ११०/७० आणि मागे १५०/६० हे साइज येतात. आता मागे १६० टाकून गाडी ‘मस्क्युलर’ करण्याची एक फॅशन आहे. करू नका. रिम तेवढ्याच रुंदीचा राहतो, टायर त्यात आवळला जातो, त्याची गोलाई बदलते आणि गाडी वळणात उतरायला कुरकुरते. फोटो छान येतो, एवढंच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जन्मतारीख. डीओटीच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. १४२४ म्हणजे २०२४ सालचा चौदावा आठवडा. रबर दुकानाच्या माळ्यावर पडून पडूनही म्हातारं होतं, कडक होतं, आणि वरून काळं कुळकुळीत दिसत राहतं.

नाना पेठेत एका दुकानात मी मागचा टायर घ्यायला गेले होते. दुकानदार काका एकदम प्रेमळ. “ताई, हा घ्या. रेसचा माल आहे, नुसता चिकटतो. खास तुमच्यासाठी डिस्काउंट.” मी मोबाइलचा टॉर्च मारून कूस बघितली. आकडे चार वर्षांपूर्वीचे. म्हटलं, “काका, हा बालवाडीत जायच्या वयाचा झालाय.” काका हसले. “अहो, वापरलेला कुठंय? नवाच आहे!” त्यांच्या मते खोटं काहीच नव्हतं. ऑफिसच्या वाऱ्या करायला तो टायर चाललाही असता. ट्रॅकसाठी मला शक्यतो गेल्या वर्षभरातला हवा होता. मी नमस्कार केला आणि शेजारच्या दुकानात गेले. चहा मात्र त्यांनी पाजलाच.

एक जोडी की दोन?

एक गंमत बघा. आपल्या वारज्यावरून, चांदणी चौकावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळुरू करत थेट श्रीपेरुंबुदुरला जातो. पुण्यातून निघा, फाटा चुकवू नका, सर्किट रस्त्यालगत येतं. साधारण १२०० किलोमीटर. त्यामुळे बरेच बहाद्दर बाइक चालवतच जातात. दोन दिवस चालवायचं, एक दिवस ट्रॅक, दोन दिवस परत.

इथे टायरची खरी परीक्षा आहे. हायवेवर आपण सरळ चालतो, म्हणजे मधला पट्टाच झिजतो. मऊ टायर असेल तर चेन्नईला पोहोचेस्तोवर त्याची गोलाई मधोमध सपाट होते. अशा टायरवर बाइक वळणात उतरताना आधी नको नको म्हणते आणि मग एकदम धपकन झुकते. ज्या टायरचे पैसे तुम्ही वळणासाठी मोजले, तो सरळ रस्त्यावरच खर्ची पडला!

परतीचा प्रवास आणखी मजेशीर. जुलै महिना, खंबाटकीत धो धो पाऊस, आणि तुमच्या चाकांना जवळपास खाचा नसलेला टायर. खाचा पाणी बाहेर फेकण्यासाठी असतात, डिझाइन म्हणून नव्हे. कोरड्या ट्रॅकवर त्या जितक्या कमी तितकं रबर जास्त, पण ओल्या घाटात त्याच खाचा तुम्हाला घरी आणतात. आणि निव्वळ रेसच्या टायरवर ‘रस्त्यावर वापरू नये’ अशा अर्थाचा छाप असतो, तो हौसेने मारलेला नसतो.

म्हणून हिशेब सोपा ठेवा. बाइक चालवत जाणार असाल, तर दुहेरी रबराचा स्पोर्ट किंवा चांगला स्पोर्ट टूरिंग टायर आणि थोडी कमी मस्ती. वर्षात चार-पाच ट्रॅक डे करणार असाल, तर तीन-चार मित्रांनी मिळून टेम्पो करा किंवा रेल्वे पार्सलने बाइक पाठवा आणि ट्रॅकसाठी वेगळी जोडी ठेवा. टेम्पोचं भाडं वाटून घेतलं की झिजलेल्या टायरपुढे ते फार वाटत नाही.

हवा, म्हणजे जवळपास फुकटातलं ट्यूनिंग

एक्झॉस्टवर पगार उडवणाऱ्या मित्राला विचारा, तुझ्याकडे स्वतःचा प्रेशर गेज आहे का? नसतोच. आणि पेट्रोल पंपावरचा गेज म्हणजे प्रत्येक पंपाचं वेगळं पंचांग. स्वतःचा एक बरा गेज घ्या आणि कायम तोच वापरा. तो अर्ध्या पीएसआयने चुकत असेल तरी चालेल, रोज तेवढाच चुकेल.

हवा तापली की फुगते, हे शाळेत शिकलोय. टायरच्या बाबतीत ढोबळ हिशेब असा, की दर १० अंशांना साधारण सव्वा ते दीड पीएसआय वाढ. सकाळी २६ अंशांत २८ पीएसआय भरलं आणि चार-पाच जोरदार लॅप्सनंतर आतली हवा ६६ अंशांवर गेली, तर गेज ३४ च्या जवळ दाखवेल. म्हणजे तुम्ही सकाळी ठरवलेला आकडा तुम्ही खरं तर चालवतच नाही. गाडी चालते ती गरम आकड्यावर.

त्यामुळे ट्रॅकवर थंड टायरमध्ये रस्त्यापेक्षा थोडी कमी हवा ठेवतात. टायर कंपनीने ट्रॅकसाठी वेगळा आकडा दिला असेल, तर डोळे मिटून तोच घ्या. नसेल तर रस्त्याच्या टायरसाठी बाइकवरच्या स्टिकरच्या आकड्याहून दोन-तीन पीएसआय कमी, इथून सुरुवात करा. सेशन संपवून आत आलात की हेल्मेट काढायच्या आधी, चहावाल्याकडे बघायच्या आधी, गेज लावा. दहा मिनिटांनी लावलात तर टायर गार होऊन खोटं बोलेल.

जुने रायडर एक आडाखा सांगतात. थंडपासून गरमपर्यंत पुढचा टायर साधारण १० टक्के आणि मागचा २० टक्क्यांपर्यंत वाढावा. वाढ त्याहून बरीच जास्त असेल तर हवा कमी पडतेय, टायर आत-बाहेर लवचत फुकट तापतोय. वाढ फारच कमी असेल तर हवा जास्त आहे, किंवा तुम्ही अजून निवांत फिरताय. दुसऱ्या शक्यतेत लाज वाटण्यासारखं काही नाही.

आकडे लिहून ठेवा. वेळ, ऊन, थंड हवा, गरम हवा. एक्सेल शीट केली तरी चालेल, आपण सगळे त्याचाच तर पगार घेतो. चेन्नईच्या उन्हात सकाळी सातचा ट्रॅक आणि दुपारी दोनचा ट्रॅक यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. दुपारी परत एकदा जुळवावं लागतं.

आणि हो, नायट्रोजन. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. बाटलीतला कोरडा असतो, त्यात बाष्प नसतं, म्हणून त्याची वाढ जरा नेमकी असते. पहिल्या ट्रॅक डेला तुमच्या चुका त्या फरकापेक्षा कितीतरी मोठ्या असणार आहेत. मिळाला तर भरा, नाही मिळाला तर झोप उडवू नका.

पहिल्या तीन लॅप्स

हॉर्नपाइपसारखी गाडी नागमोडी हलवून टायर तापतात, असं टीव्हीवर बघून वाटतं. बाइकच्या बाबतीत ते विसरा. टायर तापतो तो दाबल्याने. ब्रेक मारला की पुढचा दाबतो, थ्रॉटल दिला की मागचा. म्हणून पहिल्या दोन-तीन लॅप्समध्ये सरळ रेषेत थोडे ठाम ब्रेक, सरळ रेषेत थोडा ठाम थ्रॉटल, आणि झुकणं लॅपगणिक हळूहळू. टायर अगदी नवा असेल तर आणखी सबुरी. त्याची कातडी गुळगुळीत असते, ती खरवडली जाईपर्यंत पकड अर्धवट.

आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या सर्किटवर उजवी वळणं जास्त भरतात. म्हणजे टायरची उजवी बाजू तापत राहते, डावी वारं खाते. मग लागोपाठ उजवी वळणं झाल्यावर येणारं डावं वळण हे धोक्याचं ठिकाण. तुम्ही तापलेले, टायरची ती बाजू गार! थेट मोटोजीपीतही हे दुखणं आहे. ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडला डावी वळणं जास्त असल्याने उजवी बाजू गारठते, म्हणून तिथे दोन्ही बाजूंना वेगवेगळं रबर असलेले टायर देतात. सप्टेंबर २०२३ मध्ये बुद्ध सर्किटवर मोटोजीपी येऊन गेली, तेव्हा ती मंडळी आपल्या डोळ्यांसमोर चालवत होती. त्यांना ही काळजी, तर आपण कोण? ते पहिलं डावं वळण जरा मानाने घ्या.

टायर वाचा

सेशननंतर मोबाइल बघण्याआधी टायर बघा. पृष्ठभाग बारीक सँडपेपरसारखा, एकसारखा असेल तर मामला ठीक. रबराचे तुकडे निघालेत, ओरखडे खोल आहेत, एकाच जागी खड्डे पडलेत, तर हवा किंवा सस्पेन्शन काहीतरी सांगतंय. पॅडॉकमध्ये कुणी ना कुणी अनुभवी मेकॅनिक असतोच. दाखवा, विचारा. ही माणसं प्रश्न विचारणाऱ्याला हसत नाहीत.

हसतात ते वेगळेच. टायरच्या कडेला न वापरलेली कोरी पट्टी राहते, तिला ‘चिकन स्ट्रिप’ म्हणतात, आणि ती मोजून एकमेकांची इज्जत काढायचा उद्योग प्रत्येक ग्रुपमध्ये चालतो. बॉस, जो रायडर अंग नीट बाहेर काढून वळतो, त्याची बाइक कमी झुकते आणि पट्टी शिल्लक राहते. ती संपवायच्या नादात झुकत जाणं म्हणजे पासबुक रिकामं करून श्रीमंत दिसायचा प्रयत्न. शिल्लक असू द्या.

एक शेवटचं पथ्य. ट्रॅक डेच्या आदल्या आठवड्यात सर्व्हिसिंग केलंत, तर गाडी ताब्यात घेताना टायरवरून हात फिरवा. एका सर्व्हिस सेंटरने माझ्या बाइकचे टायर धुऊन वर पॉलिश मारून, आरशासारखे चकाचक करून दिले होते, अगदी जमिनीला टेकणाऱ्या भागापर्यंत. त्यांनी प्रेमानेच केलं असणार. मी तिथेच साबणाचं पाणी मागून घासायला बसले, तर पोरं बघतच राहिली. “मॅडम, चमक जाईल ना!” जाऊ दे रे बाबा, चमक गेलेली परवडते.

गेटबाहेर पडण्याआधी

दिवस संपतो. फोटो झाले, मिठ्या झाल्या, हात थरथरतायत, चेहऱ्यावर वेड्यासारखं हसू. नेमका हाच क्षण सगळ्यात धोक्याचा. टायरमध्ये ट्रॅकसाठीची कमी हवा आहे. त्यात तुम्ही बॅग लादणार, मित्राला मागे बसवणार आणि हायवेला लागणार. कमी हवेचा टायर वजनाखाली लवचतो, तासन् तास तापत राहतो, आणि एका खड्ड्यात रिमला मार बसतो. म्हणून टायर गार होऊ द्या, स्टिकरवरच्या आकड्यापर्यंत हवा भरा, झिजेच्या खुणा बघा. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर त्यांच्या पातळीला आलं असेल, तर त्या टायरवर १२०० किलोमीटर नाही म्हणजे नाही. बाइक टेम्पोत, तुम्ही ट्रेनमध्ये. मानाचा प्रश्न करू नका.

कारण ट्रॅकवर पडलात तर धावत यायला मार्शल असतात, ॲम्ब्युलन्स उभी असते, अंगावर लेदर असतं. हायवेवर यातलं काहीच नसतं. तिथे असतात ती फक्त तीच दोन व्हिजिटिंग कार्डं. त्यांवर तुमचं नाव छापलेलं आहे असं समजा, आणि या शनिवारी आधी एक गेज घेऊन या.